पुंजारामचा चौपदरी रस्ता

पुंजारामचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. कार्तिक सरत आला होता. माळखेड्यात थंडी पडली होती आणि अंथरुणातून उठवत नव्हतं. तरी तो उठला. चूळ भरली, कालची भाकरी चहात बुडवून खाल्ली, टिकाव आणि फावडं खांद्यावर टाकलं, घमेल्यात चुन्याची पिशवी ठेवली.

"सरकारनं तुम्हाला सोडलं," नंदाबाई पांघरुणातून म्हणाली, "पर तुम्ही काही सरकारला सोडून न्हाई राह्यले."

"सरकारचं काम न्हाई हे."

"तेच म्हन्ते. सरकारचं आसतं तर आठ वाजता गेले आसते."

पुंजाराम हसला आणि निघाला. घनसावंगी तालुक्यात त्यानं रस्ते विभागात मैलकुली म्हणून जन्म काढला. मैलकुली म्हणजे ज्याच्या अंगावर रस्त्याचा एक तुकडा असतो तो मजूर. त्या तुकड्यातले खड्डे त्यानं बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, पाण्याला चर काढून द्यायचा, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. रस्ता चांगला राहिला तर कुणी विचारत नाही. खड्डा पडला की मात्र सगळ्यांना त्याचं नाव आठवतं. असलं काम पुंजारामनं निवृत्त होईपर्यंत केलं आणि पाठ वाकू दिली नाही. फावडं मारताना गुडघा वाकवावा, कंबर नाही, हे तो गँगमधल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा.

वेशीजवळ कमरोद्दीन बिडी ओढत उभा होता. त्याच गँगमधला, पुंजारामपेक्षा वर्षभरानं मोठा. त्याच्या खांद्यावर पहार होती.

"लेट आलास," कमरोद्दीन म्हणाला.

"चहा घेत व्हतो."

"हां. आता साहेब लोक झालो ना आपण."

दोघे अंधारातच ओढ्याकडं चालू लागले.

हे सगळं सुरू झालं आकांक्षा मॅडममुळं. त्या घनसावंगीच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. सोळा डिसेंबरला, एकाहत्तरच्या लढाईच्या विजयाच्या दिवशी, पोरापोरींना पायी हिंडवायचं त्यांनी ठरवलं होतं. बोरवंडच्या मारुतीमागं जुने वीरगळ आहेत, तिथून निघायचं. लिंबाळ्याच्या शाळेपुढं मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांचा स्तंभ आहे, तिथं संपवायचं. वाटेतली गावं, शेतं, माणसं बघायची. पुंजारामला हे बसस्टँडवर कळलं आणि तो तसाच कॉलेजात गेला.

"मॅडम, लिंबाळ्याच्या पुढं आमच्या माळावर माझा भाऊ हाये," तो म्हणाला.

मॅडमना वाटलं, भाऊ चहापाणी देणार असेल. मग त्यानं सांगितलं. रखमाजी, त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. फौजेत होता. एकाहत्तरला पूर्वेच्या आघाडीवर गेला तो परत आला नाही. गावानं माळावर त्याच्या नावाचा दगड उभा केला, कारण रजा संपवून जाताना तिथंच गावानं त्याला बैलगाडीत बसवून दिलं होतं. तेव्हा लिंबाळ्याहून माळखेड्याला येणारी पाणंद तिथून जायची. येणारा-जाणारा दगडापाशी थांबायचा, पाया पडायचा. मग डांबरी सडक झाली. ती ओढ्याला वळसा घालून दुसऱ्या अंगानं गेली. पाणंद मोडली, तिच्यावर वेडी बाभूळ माजली. दगडाकडं पुंजारामशिवाय कुणी जाईना. आणि ती डांबरी सडक पुंजारामच्याच अंगावर होती. ज्या रस्त्यानं भावाची वाट तोडली, त्याच रस्त्याचे खड्डे तो जन्मभर बुजवत होता.

मॅडमनी वहीत दगडाची जागा लिहून घेतली. मग म्हणाल्या, "वाट चालण्यासारखी असेल तर आणीन मी मुलांना. पण आधीच्या रविवारी स्वतः येऊन चालून बघणार. काटेकुटे असले, पाण्यातून जावं लागलं, तर मला लिंबाळ्यालाच थांबावं लागेल. पोरांची जबाबदारी असते, काका."

"या तुम्ही," पुंजाराम म्हणाला. "चालून बघा."

त्या दिवसापासून त्याच्या अंगात पंचविशीतला मैलकुली संचारला होता.

बाभूळ तोडायला सगळ्यात जास्त घाम गेला. वेडी बाभूळ वरून कापली की दुप्पट फुटते. ती मुळासकट काढावी लागते. आधी भोवतीनं टिकावानं उकरायचं, मग पहार तिरपी घालायची आणि दोघांनी एकदम दाबायची. एकट्यानं दाबली तर पहार निसटून नडगीवर येते. कमरोद्दीन "या अली" म्हणायचा, पुंजाराम "हर हर" म्हणायचा, आणि मूळ उपटलं की दोघे एकदमच मागं पडायचे. काटे हातमोज्यातून आत जात होते. हातमोजे फाटले तेव्हा जुन्या गोणपाटाचे तुकडे बांधले.

ओढ्यात त्यांनी पाऊलदगड टाकले. प्रत्येक दगड चपट्या बाजूनं वर, खाली वाळूऐवजी खडी, आणि दोन दगडांत एका पोरीचं पाऊल पडेल एवढंच अंतर. पुंजाराम प्रत्येकावर उभा राहून नाचला.

"पडशील म्हाताऱ्या," कमरोद्दीन ओरडला.

"डुगडुगतो का बघून राह्यलो."

"दगड का तू?"

ओढ्यापलीकडचा चढ मुरूम टाकून धुम्मसनं ठोकला. त्या दिवशी काम संपलं तेव्हा दोघांचे दंड थरथरत होते, पण दोघेही खुशीत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काम करताना त्यांना कुणी घाई केली नव्हती आणि कुणी शिव्याही दिल्या नव्हत्या.

मग पुंजारामनं सवयीनं एक गोष्ट केली. वाट गवतात हरवू नये म्हणून दोरी लावली, दोरीलगत चुन्याची रेघ मारली आणि वळणावळणावर लाकडी खुंट्या ठोकल्या. खुंट्यांची डोकी गेरूनं लाल रंगवली. डिपार्टमेंटमध्ये कुठल्याही कामाची आखणी अशीच व्हायची. त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

गावाला वाटलं.

सर्जेरावाचं रान ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. पाणंद तिथं कधीच त्याच्या बांधात मुरून गेली होती. दुसऱ्या दिवशी सर्जेरावानं बांधावरून हाक मारली. "पुंजाभाऊ, चहा घ्या. चाचा, तुम्ही बी या."

सर्जेराव कधी कुणाला पाणी विचारत नसे. आज चहासोबत बिस्किटं होती.

"मंग?" सर्जेराव बशीत चहा ओतत म्हणाला. "किती पदरी?"

"काय किती पदरी?"

"आता आपल्या-आपल्यात काय लपवायचं. चौपदरी का सहा?"

"एकपदरी," पुंजाराम म्हणाला. "एकामागं एक मानूस चालंल एवढी."

सर्जेरावानं डोळा मिचकावला. "बराबर. वरून सांगू नका म्हनले आसतील."

"अरे बाबा," कमरोद्दीन म्हणाला, "पायवाट हाये. पैदल चलने की."

"पायवाटेला लाल खुंट्या? चाचा, मी काय दूध पीत न्हाई."

"आमची सवय हाय ती."

"तेच म्हन्तो. रोडवाल्यांची सवय. रिटायर मानसाला डिपार्टमेंटनं परत बोलावलं म्हंजे काम केवढं मोठं आसंल!"

पुंजारामनं खरं सांगितलं, शपथ घेतली, रखमाजीचं नाव घेतलं. जितकं जास्त सांगितलं तितकी सर्जेरावाची खात्री पटत गेली. नाही म्हणणारा सरकारी माणूस म्हणजे पक्की बातमी.

आता या भागात एक गोष्ट पोरालाही ठाऊक आहे. रस्ता जाणार असं कळलं की त्या पट्ट्यात जे उभं असेल त्याचा मोबदला वेगळा मिळतो. झाडाचा वेगळा, विहिरीचा वेगळा, शेडचा वेगळा. शहागडकडं सर्जेरावाचा एक पाहुणा होता. त्याच्या रानातून हायवे गेला आणि त्यानं दुमजली घर बांधलं. सर्जेराव ते घर बघून आला होता. तेव्हापासून त्याला झोप नव्हती.

दोन दिवसांनी पुंजाराम चढ चढून वर आला आणि जागीच थांबला. चुन्याच्या रेघेवर, अगदी मधोमध, कोरं करकरीत पत्र्याचं शेड उभं होतं. लोखंडी खांब, वर निळे पत्रे. आत एक म्हैस बांधलेली. आपल्याला तिथं का आणलं ते म्हशीलाही कळत नव्हतं. अलीकडच्या रानात कुणीतरी विहिरीचा खड्डा घ्यायला सुरुवात केली होती.

"या अल्ला," कमरोद्दीन म्हणाला. "पुंज्या, तू तर हायवे आणलास."

"हसू नको."

पण पुंजारामलाही हसू आवरेना. हसता हसता तो पुढं गेला आणि त्याचं हसू विझलं. पुढची रेघ गायब होती. खुंट्या उपटून कुणीतरी डावीकडं, बद्रीनाथच्या तुरीत ठोकल्या होत्या. नीट, दोरी लावून.

बद्रीनाथ तुरीतच उभा होता. तो लपलाही नाही. उलट तोच भांडायला आला. "पुंजाभाऊ, सर्जेरावाच्या रानातून रस्ता, अन् माझ्या रानाला वळसा? काय कमी पडलं आमचं? तुमच्या मायला माझ्या आज्यानं दळन पुरवल्तं!"

"बद्रीनाथ, रस्ता न्हाई हे."

"मंग सर्जेराव काय येडा हाय?"

पुंजाराम तुरीतल्या खुंट्या मोजू लागला.

त्याच दुपारी आकांक्षा मॅडमचा फोन आला. त्या उद्या येणार होत्या. उद्या रविवार. वाट एका जागी शेडनं अडलेली, दुसऱ्या जागी तुरीत शिरलेली. पुंजारामला पहिल्यांदा वाटलं की घाम वाया गेला. बाभळीपेक्षा माणसं मुळासकट काढायला अवघड असतात. तो घरी आला, भिंतीला टेकून बसला, जेवला नाही.

नंदाबाईनं ताट समोर सरकवलं. "सांगून पटत न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग सांगता काहून? चालवून आना की एकदा."

पुंजाराम तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी पारावर जाऊन तो मोठ्यानं म्हणाला, "उद्या सकाळी रस्त्याची हद्द दाखवणार. सुरुवातीपासून शेवटापोतर. ज्याला बघायची त्यानं बोरवंडच्या मारुतीपाशी यावं. वहाणा मजबूत घाला."

बोरवंडला सकाळी जत्रा भरल्यासारखी माणसं होती. सर्जेराव इस्त्रीचे कपडे घालून आला होता. बद्रीनाथनं सातबाराचा उतारा खिशात घातला होता. नंदाबाईही पदर खोचून आली होती. आकांक्षा मॅडम स्कूटीवरून उतरल्या आणि गर्दी बघून भांबावल्या.

"काका, एवढे लोक?"

"वाट बघायला आले," पुंजाराम म्हणाला. "सगळ्यांनाच लई उत्सुकता हाये."

तो मारुतीच्या मागं गेला. तिथं लिंबाखाली चार वीरगळ ओळीनं उभे आहेत. शेंदरानं खालचा भाग बुजला आहे, पण वरचं दिसतं. एकावर मधल्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस लढतो, त्याच्या वरच्या चौकटीत त्याला अप्सरा उचलून नेतात, सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य.

"हा गाई सोडवताना मेला," मॅडम सांगू लागल्या. "खालच्या चौकटीत शेंदरातून गाईंची शिंगं दिसतात बघा."

"ड्युटीवर," कमरोद्दीन म्हणाला.

"पन रस्ता?" बद्रीनाथ म्हणाला.

"इथून सुरू," पुंजाराम म्हणाला आणि चालू लागला.

वाट लिंबाच्या बुंध्याला वळसा घालून निघाली. पुढं एका चिंचेला वळली. मग बोराच्या झाडाखालून इतकी खाली गेली की सगळ्यांना वाकून जावं लागलं. सर्जेरावाच्या इस्त्रीच्या सदऱ्यात काटा अडकला.

"पुंजाभाऊ," तो मागून म्हणाला, "हायवे बोरीखालून कसा जाईल?"

"वाकून," कमरोद्दीन म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वाट पुढं एका कडब्याच्या गंजीशी आली. तिथल्या म्हातारीनं सगळ्यांना बोरं दिली. लिंबाळ्याला शाळेपुढच्या स्तंभापाशी सगळे थांबले, नावं वाचली, कुणाचा चुलता, कुणाचा आजोबा निघाला. एक जण आपल्या आज्याच्या नावावर हात ठेवून उभाच राहिला, त्याला ओढून पुढं न्यावं लागलं. आता लोक हायवेचं विसरायला लागले होते. ऊस तोडणाऱ्यांनी खायला उसाची टिपरी दिली. आकांक्षा मॅडम ओढ्यातल्या पाऊलदगडांवरून धावतच पलीकडं गेल्या आणि तिथून हात हलवून ओरडल्या, "एकही हलत नाही!"

पुंजारामचा ऊर भरून आला. तो नाचला होता त्याचं सार्थक झालं.

चढ चढून सगळे शेडपाशी आले. म्हशीनं मान वळवून पाहिलं.  पुंजाराम शेडला वळसा घालून, तुरीच्या कडेकडेनं, काटे तुडवत सरळ माळावर चढला. मागून सगळे. आणि मग दगड आला.

गुडघ्याच्या वर येईल एवढाच दगड. चुना मारलेला. वर नाव, खाली साल, त्याखाली गाव. भोवती मोकळा माळ, एक झाड नाही. वारा मात्र भरपूर.

"इथं संपला रस्ता," पुंजाराम म्हणाला.

सर्जेरावानं पुढं जाऊन अक्षरं वाचली. ओठ हलले. त्याचं रान इथून हाकेच्या अंतरावर होतं, पण तो लहानपणानंतर कधी वर आलाच नव्हता.

"रखमाजी," तो म्हणाला. "मला खांद्यावर घेऊन ओढा वलांडला व्हता यानं. पूर आल्ता तवा."  मग त्याचा चेहरा लाल होत गेला आणि तो एकदम हसायला लागला. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला. "म्हशीला बी आनली व्हती मी! पुंजाभाऊ, तुम्ही शपथ घेतली, मी म्हनलं सहापदरी आसंल!"

बद्रीनाथनं खिशातला उतारा आणखी खोल दाबला. "खुंट्या मी लावतो परत," तो पुटपुटला. "आत्ताच लावतो."

माळावर हशा उसळला. पण मॅडम हसत नव्हत्या. त्या कपाळावर हात धरून उन्हाकडं बघत होत्या.

"वाट सुंदर आहे, काका. पण मुलं इथं पोचतील ते भर दुपारी. इतकं चालून आल्यावर डबे खायला बसतील कुठं? सावलीच नाही. चक्कर येईल कुणाला."

पुंजारामचा चेहरा पडला. झाड लावलं तर दहा वर्षं. मांडव घातला तर माळावरचा वारा उडवून नेईल.

त्याची नजर खाली गेली. नंदाबाईचीही त्याच वेळी गेली. ओढ्याच्या वर निळे पत्रे चमकत होते.

"सर्जेराव," नंदाबाई म्हणाली, "ते शेड आता काय करता?"

"करनार काय. मोडीत घालनार. उधारीत न्हाई, रोखीनं आनलं व्हतं ते."

नंदाबाई नवऱ्याकडं वळली. "बँकेत ठेवले ते काढा."

ते म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेले, न घेतलेल्या रजांचे पैसे. पुंजारामनं नोकरीत रजा अशी घेतलीच नव्हती. आजारी असतानाही तो सडकेवर जायचा. ते पैसे नंदाबाईच्या मोरीसाठी, फरशी आणि नळासाठी ठेवलेले होते.

"तुझी मोरी?" तो म्हणाला.

"मोरी कुठं पळून चालली का? जनम उन्हात घातला तुम्ही. कधी एक पत्रा तरी विकत घेतला का?"

सर्जेराव म्हणाला, पैसे नकोत. पुंजाराम म्हणाला, फुकट नको. दोघे माळावर उभे राहून भांडले. शेवटी सर्जेरावानं घेतले, पण म्हणाला की वाहून न्यायची मजुरी मी देणार. "ती तर आमच्या अंगावर हाये," पुंजाराम म्हणाला.

पत्रा डोक्यावर नेताना वाऱ्याकडं पाठ करून चालायचं असतं, नाहीतर वारा माणसाला पत्र्यासकट फिरवतो. पुंजारामनं हे सर्जेरावाला सांगितलं. सर्जेरावानं ऐकलं नाही आणि तो दोनदा फिरला. खांब कमरोद्दीननं पहारेनं खड्डे घेऊन रोवले, प्रत्येक खड्ड्यात दगड ठोकून, वर खडी भरून. पुंजारामनं एकेक खांब हलवून पाहिला. एक डुगडुगला. तो काढून पुन्हा रोवला.

सोळा डिसेंबरला दुपारी माळावर आवाजच आवाज झाला. पोरं चढ चढून वर आली, दगडापुढं उभी राहिली, एका पोरीनं रखमाजीचं नाव मोठ्यानं वाचलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुंजारामला त्या आवडल्या. मग सगळे निळ्या पत्र्यांखाली शिरले, डबे उघडले, दाटीवाटीनं बसले. ठेच्याचा वास सुटला. जागा पुरेना, तेव्हा कमरोद्दीन बाहेर उन्हात बसला आणि म्हणाला, "हमको आदत है."

पुंजारामनं त्याचा हात धरून त्याला आत ओढलं. जन्मभर न घेतलेल्या रजांच्या पैशातून शेवटी एवढंच आलं होतं: दहा निळे पत्रे, सहा खांब, आणि त्यांच्याखालची सावली. बोल्ट मात्र सर्जेरावानं फुकट दिले.